बाबा पहाटे उठून मोबाईलवर काय करतात?

दवाखान्यात जवळजवळ तीस वर्षे बसल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. रुग्णाचा खरा प्रश्न तपासणीच्या खुर्चीत बसून विचारला जात नाही. रक्तदाब पाहून होतो, औषधांची चिठ्ठी लिहून होते, आणि मग हात दाराच्या कडीवर असताना तो प्रश्न येतो.

गेल्या डिसेंबरात डोंबिवलीच्या माझ्या दवाखान्यात असाच एक प्रश्न आला. विचारणारे काका 72 वर्षांचे, आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलेले, माझ्याकडे पंधरा वर्षे येणारे. गेली सहा वर्षे त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. दारापाशी थांबून ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही मोबाईलमधलं जाणता म्हणून विचारतो. बास्केटबॉलच्या मॅचवर पैसे लावायचे, तर त्यातल्या त्यात भरवशाचं ॲप कुठलं?"

काकांच्या आणि काकूंच्या संमतीने हे लिहीत आहे; ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्या संध्याकाळी मी काकांना परत खुर्चीत बसवले आणि वीस मिनिटे समजावून सांगितले. जे सांगितले ते सर्व खरे होते, तरीही माझी एक मोठी चूक झाली. ती पुढे येईलच. आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर, कारण हाच प्रश्न आपल्याही घरात कोणाच्या तरी मनात असू शकेल.

डोंबिवलीतील निवृत्त गृहस्थ अमेरिकेतील बास्केटबॉलपर्यंत पोहोचले कसे, हे प्रथम सांगायला हवे. काकांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तेरा वर्षांचा नातू शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजोबा आणि नातू यांच्यात बोलायला विषय उरत नव्हता. मराठी त्याला अर्धीच येते. म्हणून काकांनी तो खेळ शिकून घेतला. एनबीए या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेचे नियमित सामने ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चालतात. 30 संघ, प्रत्येकाचे 82 सामने. न्यूयॉर्कच्या बाजूला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो. म्हाताऱ्या माणसाची झोप चारलाच उडालेली असते. घर निजलेले, दूध यायला अवकाश, आणि हातात मोबाईल. आजोबांनी नातवासाठी शिकलेला खेळ, यात कुठेही वावगे नव्हते. मग कोणीतरी त्यांना 'आजची खात्रीची टिप' देणाऱ्या एका गटात सामील करून घेतले.

या खात्रीच्या टिपेचे गणित साधे असते. टिप देणारा 1,600 माणसांपैकी 800 जणांना 'हा संघ जिंकेल' असे कळवतो आणि उरलेल्या 800 जणांना 'तो संघ जिंकेल' असे कळवतो. ज्यांची टिप खरी ठरली त्या 800 जणांची पुन्हा तशीच विभागणी होते. चार सामन्यांनंतर 100 माणसे अशी उरतात, ज्यांना चारही टिपा बरोबर मिळालेल्या असतात. ती शंभर माणसे त्या टिपवाल्याला देव मानू लागतात. उरलेल्या पंधराशे जणांचा अनुभव त्यांच्या कानावर येण्याचा मार्गच नसतो. काका त्या शंभरांतले होते.

भरवशाचे ॲप

काकांचा युक्तिवाद असा होता की, मुलाच्या राज्यात हे सर्व कायदेशीर आहे, मग त्यातलेच एखादे चांगले निवडावे. त्यांची माहिती अर्धी बरोबर होती. 14 मे 2018 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना मुभा देण्याचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिला, आणि तो खटला न्यू जर्सी राज्यानेच लढवला होता. परंतु तिथल्या परवानाधारक कंपनीवर पैज लावायची तर माणूस त्या क्षणी प्रत्यक्ष त्या राज्याच्या हद्दीत असावा लागतो. मोबाईलचे ठिकाण तपासूनच पैज स्वीकारली जाते. डोंबिवलीत बसून जे उघडते ते, नाव आणि रंग कितीही सारखे असले तरी, ते दुकान नव्हे.

आपल्याकडील स्थिती तर स्पष्टच आहे. ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा संसदेने संमत केला आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. त्यानंतर नावाजलेल्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. म्हणजे आज जो कोणी आपल्याला 'सर्वांत सुरक्षित' म्हणून बोलावतो आहे, त्याने कायदा मोडायचे आधीच ठरवलेले आहे. अशांमधून भरवशाचा कोण हे मी कसे सांगणार? आपण जिंकलो आणि त्याने पैसे दिले नाहीत, तर दाद मागायला जागा नाही. एक मात्र आवर्जून लक्षात ठेवावे: या कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. 'तक्रार केली तर आपल्यालाच पकडतील' या भीतीने अनेक ज्येष्ठ गप्प बसतात. ती भीती सोडून द्यावी.

काका हिशेबनीस, म्हणून मी कागदावर आकडे मांडले. दोन तुल्यबळ संघ, कोणावरही शंभर रुपये लावा, जिंकलात तर एकूण एकशे नव्वद हाती येतील, असा भाव सर्रास असतो. हजार रुपयांच्या शंभर पैजा लावल्या तर एक लाख रुपये गेले. निम्म्या जिंकल्या तर 95,000 परत आले. नुसते बरोबरीत राहायचे तरी शंभरातील जवळजवळ त्रेपन्न पैजा जिंकाव्या लागतात. रोज दहा हजारांच्या पैजा फिरवल्या, तर नशीब सरासरी राहूनही रोजचे पाचशे, महिन्याचे पंधरा हजार जातात. हे ॲप प्रामाणिक असेल तर! अप्रामाणिक असेल तर जिंकलेली रक्कम काढताना 'आधी कर भरा', 'आधी प्रक्रिया शुल्क भरा' अशा मागण्या सुरू होतात, आणि माणूस अडकलेले सोडवण्यासाठी आणखी भरतो.

खेळ तरी निखळ असतो का? एनबीएचा पंच टिम डॉनॅघी याने 2007 मध्ये पैजांच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. टोरंटोच्या संघातील जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर एप्रिल 2024 मध्ये आजन्म बंदी आली. आपल्या प्रकृतीची आतली बातमी त्याने पैज लावणाऱ्यांना पुरवली होती आणि त्यांच्या फायद्यासाठी सामन्यातून लवकर अंग काढून घेतले होते. पंच आणि खेळाडूच जिथे विकत मिळाले, तिथे काकांची वही काय कामाची?

काकांनी सर्व शांतपणे ऐकले. "पटलं," असे म्हणून ते गेले. आपण आपले काम चोख केले, अशा समाधानात मी शटर ओढले.

मटका आणि मोबाईल

येथे थोडे विषयांतर. आमच्या कल्याणच्या वाचकांना 'कल्याण मटका' या नावाचा उगाच कमीपणा वाटतो. त्या नावाचा कल्याण गावाशी संबंध नाही. 1960च्या दशकात मुंबईत तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून ते पडले. त्याआधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकडे लावले जात. ते बंद झाल्यावर आकडे काढण्याची निराळी रीत निघाली, आणि पुढे रतन खत्रीचे नाव गिरणगावातल्या पोराटोरांनाही ठाऊक झाले. साठी-सत्तरीतल्या वाचकांना 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द सांगायला नकोत. काकांचे वडीलही आकडा लावत. पगाराच्या दिवशी आई नाक्यावर जाऊन उभी राहत असे, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

डॉक्टर म्हणून मला त्या मटक्यात आणि आजच्या मोबाईलमध्ये एक मोठा भेद दिसतो. मटक्याचा निकाल दिवसातून दोनदा. मधल्या वेळात माणूस कामावर जाई, जेवे, झोपे. पश्चात्ताप व्हायला सवड मिळे. बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यावर 24 सेकंदांत तो टोपलीकडे फेकावाच लागतो. एका सामन्यात प्रत्येक संघाचे शंभरावर गुण होतात. ॲपवर सामना चालू असताना पुढची टोपली कोणाची, या डावात कोण पुढे, अशा पैजा लागत राहतात. मेंदूला बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसणे आणि पुढची संधी लगेच समोर असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सवय सर्वांत घट्ट बसते. 'थोडक्यात हुकले' हीदेखील मेंदूला जवळजवळ जिंकल्यासारखीच चेतना देते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने 2013 मध्ये जुगाराचा विकार दारू व अन्य व्यसनांच्या प्रकरणात घेतला, तो याच कारणांनी. तोवर तो आवेग आवरता न येण्याच्या विकारांत गणला जात असे.

मी फाईल उशिरा उघडली

जानेवारीच्या शेवटी काकू एकट्याच आल्या. पिशवीतून त्यांनी मोडलेल्या मुदत ठेवींचे कागद काढले. सहा लाख चाळीस हजार रुपये. काकांनी माझे बोलणे ऐकल्यानंतर जेमतेम चार दिवस मोबाईल बाजूला ठेवला होता.

मला धक्का बसला तो पैशांचा नव्हे. काकू सहज सांगत गेल्या त्या तीन गोष्टींचा. एक, आयुष्यभर गोड न खाणारा माणूस रात्री उठून डब्यातले लाडू संपवतो आहे. चार महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले. दोन, जुना रेडिओ उघडून त्याचे सुटे भाग तासन्‌तास मांडत बसतो, पुन्हा गोळा करतो, पुन्हा मांडतो. तिसरी गोष्ट सांगताना त्या थांबल्या, खाली पाहू लागल्या, आणि म्हणाल्या, "या वयात हे असं कसं वागतात हो? कुणाला सांगायचीही सोय नाही."

वजन मी डिसेंबरातच टिपले होते. साखर वाढलेली दिसली, तेव्हा पथ्य पाळा म्हणून दटावले होते. तिन्ही-चारी धागे माझ्या टेबलावर होते आणि मी त्यांना सदाचाराचे व्याख्यान दिले. त्या दिवशी प्रथमच मी ठाण्याच्या न्यूरॉलॉजिस्टांची चिठ्ठी नीट वाचली. विशेषज्ञाचे औषध म्हणून मी तिच्याकडे एरवी वरवर पाहत असे. हाताची थरथर वाढल्याने ऑगस्टमध्ये प्रामिपेक्सोल या गोळीची मात्रा वाढवण्यात आली होती. लाडू, रेडिओ, पैजा, सर्व त्यानंतरचे.

कंपवातात मेंदूच्या एका भागात डोपामिन या रसायनाची चणचण होते, म्हणून हालचाली मंदावतात आणि हात थरथरतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे डोपामिनची नक्कल करतात. त्यांना डोपामिन ॲगोनिस्ट म्हणतात. रोटिगोटिनची त्वचेवर लावायची पट्टीही याच गटातली. पण औषध काही पत्ता विचारून एकाच ठिकाणी जात नाही. कोरड्या वाफ्यासाठी पाटाचे पाणी सोडावे आणि शेजारच्या आधीच भिजलेल्या वाफ्यात ते तुंबावे, तसे काहीसे होते. तो शेजारचा वाफा म्हणजे मेंदूतील हौस, लालसा आणि बक्षीस यांचे केंद्र. मग काही रुग्णांत जुगार, वारेमाप खरेदी, अतिखाणे, लैंगिक इच्छेत अवाजवी वाढ, किंवा एकच निरर्थक काम तासन्‌तास करत राहणे, असे प्रकार सुरू होतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अमेरिका व कॅनडातील 3,090 कंपवाती रुग्ण होते. या गटातील औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के रुग्णांत यांतील एखादा तरी विकार आढळला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 7 टक्के होते. जुगार एकंदर 5 टक्क्यांत होता. ज्यांच्या घराण्यात जुगार आहे त्यांना धोका अधिक. काकांचे वडील आठवा.

आता, हे वाचून कोणीही आपल्या घरातील गोळी आज रात्रीपासून बंद करू नये. ही औषधे अनेकांना उत्तम लागू पडतात, आणि बहुसंख्य रुग्णांना असा त्रास होत नाही. एकाएकी थांबवली तर चिंता, घाम, नैराश्य, तीव्र अस्वस्थता उफाळते आणि अंग आखडू शकते. मात्रा न्यूरॉलॉजिस्टच कमी करतील, आणि टप्प्याटप्प्याने करतील. आपले काम एवढेच की त्यांना सांगायचे. रुग्ण स्वतः सांगत नाही. त्याला लाज वाटते, किंवा मुळात ते चुकीचे वाटतच नाही. पुढच्या भेटीला पत्नीने, मुलीने, सुनेने सोबत जावे आणि 'गोळी वाढल्यापासून स्वभावात काही बदल आहे' हे वाक्य तोंडाने उच्चारावे. पाय अस्वस्थ होऊन झोप न येण्याच्या तक्रारीवरही ही औषधे दिली जातात, तेव्हा कंपवात नसलेल्या घरांनीही चिठ्ठी पाहावी. मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या अरिपिप्राझोलविषयीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये असाच इशारा दिला आहे.

गोळी नसेल तर

प्रत्येक पैजेमागे औषध असेल असे मी म्हणत नाही. पण जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस उतारवयात अचानक पैसे उधळू लागला, तर त्याला आधी रुग्ण समजावे, असे मी आता मानतो. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असा आहे, की त्यात स्मरणशक्ती बराच काळ शाबूत राहते आणि आधी ढळतो तो विवेक. मेंदूचा पुढचा भाग झिजू लागतो; माणूस नावे, तारखा बिनचूक सांगतो, मात्र समारंभात भलतेच बोलतो, अनोळखी माणसाला पैसे देतो, सहानुभूती हरवून बसतो. 'बाबांना सगळं आठवतं, म्हणजे डोकं ठीक आहे' असे समजून घरचे फसतात. झोप कमी, बडबड जास्त, मोठमोठे बेत आणि उधळपट्टी, असे एकत्र दिसले तर उन्मादाची शक्यता पाहावी लागते. दम्यासाठी वा सांध्यांसाठी दिलेल्या स्टेरॉईडनेही असे होऊ शकते.

आणि जिथे आजार नाही, औषध नाही, तिथे बहुधा पोकळी असते. जोडीदार गेलेला, मुले परदेशी, सोसायटीच्या कट्ट्यावरची जुनी माणसे एकेक करून कमी झालेली. कल्याणच्या एका आजींनी मला सांगितले, की रंगीत पत्त्यांच्या ॲपवर रोज सकाळी 'सुप्रभात' लिहून येते. तेवढे तरी कोणी म्हणते. त्यांना मी काय उत्तर देणार होतो? त्यांच्या मुलीला फोन केला.

दवाखान्यात मला काही खुणा उपयोगी पडू लागल्या आहेत. नियमित माणूस महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच घेऊन जातो. रक्तदाबाची गोळी अर्धी करून खातो. चाचणी 'पुढच्या महिन्यात' ढकलतो. डोळे लाल, पहाटेची झोप नाही, मोबाईल पालथा ठेवलेला. शंका आली तर दोन प्रश्न पुरतात, आणि ते घरीही विचारता येतात, मात्र एकांतात आणि आवाज न चढवता. 'पैसे किती लावता हे घरी खोटं सांगावं लागलं का?' आणि 'पूर्वीइतक्या रकमेत आता समाधान होत नाही, वाढवावीशी वाटते का?' एकाचेही उत्तर हो आले, तर पुढची तपासणी करून घ्यावी.

तिसरा प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते. जीव नकोसा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे बोलायला वाट मिळते. जुगारात बुडालेल्या माणसाला हा धोका मोठा असतो, आणि म्हातारपणी अब्रूची काळजी अधिक. मी काकांना विचारले. काही क्षण थांबून ते म्हणाले, "दोनदा आला होता विचार." काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हते. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. रात्री-अपरात्री असा प्रसंग आला तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या इमारतीविषयी लहानपणी ऐकलेले विनोद विसरून तिथे जावे.

घरच्यांनी काय करायचे

न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला. "डॉक्टर, बाबांचा मोबाईल काढून घ्या." त्याचा राग मला समजत होता. पण त्या मोबाईलवरच नातू भेटतो, रिक्षा बोलावली जाते, मध्यरात्री छातीत दुखले तर शेजाऱ्याला हाक जाते. मोबाईल काढून घेतला असता तर काका कुणाकडून तरी दुसरा मिळवते, आणि मग काहीच कळले नसते. आम्ही काकांना समोर बसवून, त्यांच्या होकाराने पैशांची वाट तेवढी अरुंद केली. निवृत्तिवेतनाच्या खात्यातून यूपीआय काढून टाकले. किरकोळ खर्चासाठी निराळे छोटे खाते, त्यावर रोजची कमी मर्यादा. उरलेल्या ठेवी काकूंच्या सहीशिवाय मोडता येणार नाहीत अशी बँकेत व्यवस्था. व्यवहाराचे संदेश मुलीच्या मोबाईलवरही. ते टिपांचे गट काकांनी स्वतःच्या बोटाने सोडले.

मुलाला मी आणखी एक सांगितले: राहिलेली उधारी लगेच पाठवून मोकळा होऊ नकोस. उपचार सुरू होण्याआधी कर्ज फेडले, की व्यसनी मेंदू त्याचा अर्थ 'पुन्हा खेळायला जागा झाली' असा लावतो. हे ऐकायला निष्ठुर वाटते, पण आधी औषधाची मात्रा, मग कर्जाची यादी, हाच क्रम बरा.

पैसे परत मिळण्याविषयी खरे सांगतो. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, आणि पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर ते पुढच्या खात्यात थोपवता येण्याची आशा असते. काकांच्या बाबतीत महिने उलटले होते. थोडी रक्कम एका खात्यात गोठली आहे. मिळेल तेव्हा मिळेल. आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. ही ॲप पैसे घेतात ते रोज बदलणाऱ्या खासगी खात्यांवर, आणि 'जिंकलेले' पैसे येतात तेही तशाच खात्यांतून. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असले तर तपासात आपलेही खाते गोठवले जाऊ शकते. निवृत्तिवेतन त्याच खात्यात येत असेल, तर औषधालाही पैसे हाती राहत नाहीत. 'तुमचं खातं वापरू द्या, महिन्याला पैसे देऊ' असे कोणी म्हणाले, मग तो भाचा का असेना, तर नकार द्यावा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे अशा वेळी सल्ला मिळतो.

न्यूरॉलॉजिस्टांनी प्रामिपेक्सोल आठ आठवड्यांत हळूहळू उतरवले आणि लेव्होडोपाच्या वेळा बदलल्या. सहाव्या आठवड्यात काका मला म्हणाले, "आज पहाटे मॅच लागली, आणि पैसे लावायचं मनातच आलं नाही. डॉक्टर, मग इतके दिवस तो कोण होता?" लाडवांचा डबा भरलेला राहू लागला. रेडिओ एकदा जोडला तो जोडलेलाच आहे. पण हाताची थरथर पुन्हा थोडी वाढली आहे, शर्टाची बटणे लावायला काकूंची मदत लागते, आणि हा सौदा काकांना रोज जाणवतो. सहा लाख चाळीस हजारांचा विषय त्यांच्या घरात अजून निघतो. काकू आता तो ओरडून काढत नाहीत, एवढाच फरक.

परवा काका येऊन गेले. तपासणी झाली, चिठ्ठी झाली, आणि दारापाशी जाऊन ते थांबले. खिशातून एक छोटी वही काढून त्यांनी मला दाखवली. नातवाच्या उन्हाळी सामन्यांचे गुण तारीखवार लिहिलेले होते. तो रविवारी फोनवर सांगतो आणि आजोबा उतरवून घेतात. पहिल्या पानावरचे अक्षर ठळक, पुढे पुढे बारीक होत गेलेले, ओळ उतरती. कंपवातात अक्षर असेच आक्रसत जाते, आणि औषध कितपत पुरते आहे हे त्यावरून तज्ज्ञांना कळते. 18 तारखेला ठाण्याला भेट आहे. ती वही सोबत न्यायला मी सांगितले आहे.